संकटातल्या प्राण्यांची चित्रं आणि सेंद्रिय कापूस: पुरुषांचे घरात घालायचे कपडे निवडावेत, छापावेत आणि टिकवावेत कसे

मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांच्या काठांनी एकेकाळी बोरू, लव्हाळी आणि झुडपांचे दाट पट्टे होते. कॅस्पियन वाघाचं ते घर. रशियन साम्राज्याच्या आणि पुढे सोव्हिएत राजवटीच्या काळात हे पट्टे साफ करून तिथे शेती, मुख्यतः कापसाची, उभी राहिली. जोडीला वाघाची शिकारही चालूच होती. विसाव्या शतकात तो वाघ रानातून नाहीसा झाला. १९६० नंतर याच नद्यांचं पाणी कापसासाठी कालव्यांत वळवलं गेलं आणि जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव असलेला अरल समुद्र आटत गेला.

वाघाचं चित्र छापलेला सुती टी-शर्ट हातात आला की मला हे आठवतं. ज्या प्राण्याचं चित्र आपण अंगावर मिरवतो, त्याच्या जातभाईचं रान कापसानेच गिळलेलं आहे. त्यामुळे अशा कपड्यात कापड हा मुख्य मुद्दा आणि चित्र त्यानंतरचा, असं माझं ठाम मत आहे. खरेदी करताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. चित्र आवडतं, मग साइज बघितली जाते, कापड घरी आल्यावर कळतं. या लेखातला क्रम असा: आधी कापूस, मग कापड आणि बेत (म्हणजे कपड्याची काटछाट), मग छपाई, मग प्राणी, मग दानाचा दावा. स्वतः छापायचं असेल तर त्याचीही कृती पुढे आहे.

पायरी १: लेबल वाचा

सेंद्रिय कापूस म्हणजे कृत्रिम कीटकनाशकं, रासायनिक खतं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं न वापरता पिकवलेला कापूस. कडुनिंबासारखी नैसर्गिक कीडनियंत्रकं त्यात चालतात, म्हणून ‘शून्य फवारणी’ असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धवट माहितीवर बोलतंय. वन्यजीवांच्या बाजूने पाहिलं तर यातली कृत्रिम कीटकनाशकांची बंदी सर्वांत मोलाची. कापसावर वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं एन्डोसल्फान २०११ मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, जागतिक बंदीच्या यादीत गेलं. मासे आणि इतर जलचरांसाठी ते अतिशय विषारी होतं.

‘सेंद्रिय’ हा शब्द नुसता छापलेला असेल तर तो पुरावा नव्हे. खालची तीन नावं ओळखायला शिका, कारण तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत आणि दुकानदार ती सर्रास एकाच दमात घेतात.

जीओटीएस, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. हे सर्वांत व्यापक. शेतातून निघालेल्या कापसापासून सूतकताई, विणकाम, रंगाई, छपाई, शिलाईपर्यंत प्रत्येक टप्पा तपासला जातो, रसायनांवर मर्यादा असतात, कामगारांच्या परिस्थितीचे निकषही असतात. लेबलच्या दोन श्रेणी आहेत. पहिलीत किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो, दुसरीत किमान ७० टक्के. खऱ्या लेबलवर चिन्हाशेजारी श्रेणी, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक किंवा कंपनीचं नाव जीओटीएसच्या सार्वजनिक यादीत टाकून पाहा. हे काम मिनिटाभराचं आहे आणि या संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी सवय हीच.

ओसीएस, म्हणजे ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड. हे फक्त कापूस सेंद्रिय आहे का आणि किती, एवढंच सांगतं. ‘१००’ लिहिलेलं असेल तर किमान ९५ टक्के, ‘ब्लेंडेड’ असेल तर अगदी ५ टक्क्यांपासून पुढे कितीही. रंग कोणता वापरला, सांडपाणी कुठे सोडलं, याबद्दल ते काही बोलत नाही.

ओएको-टेक्स स्टँडर्ड १००. तयार कापडात घातक रसायनं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नाहीत, एवढंच याचं म्हणणं. साधा रासायनिक शेतीतला कापूस, इतकंच काय पॉलिएस्टरही, ही चाचणी पास होऊ शकतो. त्वचेच्या दृष्टीने चांगलं चिन्ह आहे, पण सेंद्रियतेशी त्याचा संबंध नाही.

‘जीओटीएस प्रमाणित कापसापासून बनवलेला’ असं वाक्य दिसलं आणि परवाना क्रमांक दिसला नाही, तर सूत प्रमाणित असेलही, पण पुढची रंगाई आणि छपाई कुणी तपासलेली असेलच असं नाही. विक्रेत्याला सरळ विचारा: शेवटचा प्रमाणित टप्पा कोणता? ‘रूपांतर काळातला’ कापूस हा शब्दही कधी दिसेल. जमीन रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळवायला दोन-तीन वर्षं लागतात आणि त्या काळातलं पीक पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. असा कपडा जरूर घ्या. शेतकऱ्याला नेमक्या त्याच वर्षांत गिऱ्हाईक हवं असतं.

प्रमाणपत्रांतही घोटाळे होतात हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतात सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून फिरवला गेल्याचं उघड केलं आणि त्यात गुंतलेल्या कंपन्यांवर बंदी घातली. जगात पिकणाऱ्या शंभर किलो कापसात सेंद्रिय कापूस मोजकेच किलो असतो. म्हणून अवाढव्य प्रमाणात आणि मातीमोल भावात ‘शंभर टक्के सेंद्रिय’ विकलं जात असेल तिथे जास्त प्रश्न विचारावेत.

घरी सेंद्रियता तपासता येत नाही. सुटा धागा चिमट्यात धरून, पाण्याचं भांडं जवळ ठेवून जाळला तर कापूस कागदासारखा जळून मऊ राख होतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. यातून भेसळ कळते, शेती कळत नाही.

पाणी बचतीचे मोठमोठे आकडे असलेल्या जाहिराती मात्र बाजूला ठेवा. कापसाला पाणी किती लागलं हे तो पावसावर वाढला की कालव्यावर, कोणत्या मातीत, कोणत्या हवेत, यावर जास्त अवलंबून असतं. सेंद्रिय कापूसही सिंचनावर घेतला जातो. अरल समुद्राच्या बाबतीत घात केला तो सिंचनाने.

पायरी २: कापड हातात घेऊन पाहा

सेंद्रिय कापूस आपोआप मऊ असतो, हा गैरसमज आहे. तंतूची लांबी, सूत कसं कातलं, कापडावर शेवटची प्रक्रिया कोणती झाली, यावर मऊपणा ठरतो. लेबलवर ‘कोम्ब्ड’ (विंचरलेलं सूत) आणि ‘रिंग-स्पन’ (घट्ट पीळ देऊन कातलेलं सूत) हे शब्द शोधा. विंचरताना आखूड तंतू निघून जातात, त्यामुळे कापड गुळगुळीत राहतं आणि त्यावर बारीक गोळे कमी येतात. काही कापडांना दुकानात हात लावल्यावर येणारा रेशमी मऊपणा सिलिकॉनचा असतो आणि काही धुण्यांत निघून जातो. शक्य असेल तर त्याच कंपनीचा बराच धुतलेला कपडा पाहायला मागा.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० ते १६० चा टी-शर्ट उकाड्यात छान, पण पांढरा असेल तर आरपार दिसतो. १८० ते २०० ही मला घरच्या टी-शर्टसाठी सर्वांत समतोल वाटणारी जाडी. पँटला २२० ते २८० चं लूपनिट, म्हणजे आतून बारीक फासे असलेलं कापड घ्या. गुडघ्याला फुगा कमी येतो. ३०० च्या पुढचं कापड थंडीसाठी. सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टची नेहमीची एकेरी वीण, हलकी असते, पण तिच्या कडा गुंडाळतात आणि धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे फिरते. इंटरलॉक, म्हणजे दुहेरी वीण, दोन्ही बाजूंनी सारखं असतं, आकार धरून ठेवतं, आणि चित्र छापायला त्याचा पृष्ठभाग अधिक चांगला. झोपताना घालायच्या पायजम्याला विणीचं कापड हवं असं काही नाही. मागावरचं पॉपलीन, थंडीत फ्लॅनेल, दोन पदरी जाळीदार मलमल हे सगळे उत्तम पर्याय आहेत.

कापड ताणून सोडा. परत जागेवर येतं का? उजेडाला धरा. दाट-विरळ पट्टे दिसतात का? टी-शर्ट बाजूच्या शिवणींवर घडी घालून धरा. नवा असतानाच शिवण तिरकी पळत असेल तर धुतल्यावर ती आणखी फिरणार.

मिश्रणाबद्दल माझं मत कडक आहे. कफ किंवा कमरेला ५ टक्क्यांपर्यंत इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा कृत्रिम धागा, ठीक, त्याशिवाय आकार टिकत नाही. पण निम्मं पॉलिएस्टर असलेल्या कापडावर समुद्री कासव छापणं मला पटत नाही. प्रत्येक धुण्यात त्यातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि पाण्यावाटे समुद्रापर्यंत पोहोचतात.

पायरी ३: बेत आणि माप

घरातला कपडा उभं राहून कमी आणि बसून, आडवं पडून, पाय पोटाशी घेऊन जास्त घातला जातो. आरशासमोर उभं राहून घेतलेला अंदाज म्हणूनच फसतो. तुमचा सर्वांत सुखाचा जुना टी-शर्ट आणि पँट सपाट पसरा आणि टेपने मापं घ्या: काखेपासून काखेपर्यंत रुंदी, खांद्यापासून खालपर्यंत लांबी, पँटचं पुढचं आणि मागचं आसन, मांडीची रुंदी, आसनापासून घोट्यापर्यंतची आतली लांबी. ही मापं कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. एम, एल, एक्सएल या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो.

आटण्याचा हिशोब आधीच करा. विणीचं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत पाचेक टक्के आटणं अगदी सामान्य आहे. ७२ सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तर साडेतीन सेंटिमीटरहून जास्त जातो, आणि हात वर केला की पोट उघडं पडतं. कापड आधीच आटवलेलं आहे का हे विचारा. नसेल तर लांबीत तेवढी वाढ धरा.

पँटमध्ये तीन गोष्टी बघाच. मागचं आसन पुढच्यापेक्षा काही सेंटिमीटर जास्त हवं, नाहीतर बसल्यावर कंबर खाली घसरते. आसनाला वेगळी कळी लावलेली असेल तर चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत, ताण विभागला जातो आणि तिथे उसवत नाही. तिसरं, नेफा. इलॅस्टिक तीन-चार सेंटिमीटर रुंद असेल तर पोटावर वळ उमटत नाही. नेफ्यात छोटी फट ठेवलेली असेल तर इलॅस्टिक सैल झाल्यावर बदलता येतं. इलॅस्टिक कापडावरच शिवून टाकलेलं असेल तर त्या पँटचं आयुष्य इलॅस्टिकएवढंच. नाडी मागच्या बाजूला टाक्याने पक्की केलेली असावी, म्हणजे धुताना निघून येत नाही. खिशाचं आतलं कापडही तपासा. बाहेरून सेंद्रिय आणि खिसा पॉलिएस्टरमिश्रित, असं पुष्कळदा असतं.

पायरी ४: छपाई ओळखा

चांगल्या कापडाची सर्वांत जास्त नासाडी छपाईत होते. चित्रावरून बोट फिरवा. रबराचा पापुद्रा लागला, ताणल्यावर चमकला किंवा भेगा दिसल्या तर ती बहुधा प्लास्टिसोलची छपाई आहे. या शाईत सहसा पीव्हीसी हे प्लॅस्टिक आणि ते लवचीक ठेवणारी, थॅलेट्ससारखी द्रव्यं असतात. पीव्हीसी आणि थॅलेट्स जीओटीएसमध्ये चालत नाहीत, म्हणून छातीवर रबरी पॅच असलेल्या टी-शर्टवर ते चिन्ह दिसलं तर परवाना क्रमांक आवर्जून तपासा. असा पॅच घाम अडवतो, आणि पालथं झोपणाऱ्याला ते चांगलंच जाणवतं.

पाण्यावर आधारित शाई कापडात मुरते. हाताला जवळजवळ लागत नाही, गडद कापडावर थोडी मवाळ दिसते, वर्षानुवर्षं हळूहळू विटते. वन्यजीवांच्या चित्रांना हे विटणं शोभतं असं मला वाटतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची छपाई तर धाग्याशीच जोडली जाते आणि हाताला अजिबात कळत नाही, पण तिला नंतर भरपूर धुवावं लागतं. डिजिटल छपाईत बारीक तपशील उत्तम येतात. ती उष्णता देऊन नीट पक्की केली गेली नसेल तर मात्र लवकर उडते. पांढरा ओला रुमाल घेऊन चित्रावर जोरात वीस-तीस वेळा घासा. रुमालाला भरघोस रंग लागला तर परत ठेवा.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. संपूर्ण कपडाभर, शिवणींच्या आतपर्यंत, फोटोसारखा झगझगीत वाघ छापलेला असेल तर ती बहुतेक सब्लिमेशन छपाई असते, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून कापडात उतरवलेली. तिचा रंग पॉलिएस्टरवरच धरतो. साध्या कापसावर तो टिकत नाही. तेव्हा असा कपडा ‘शंभर टक्के सेंद्रिय सुती’ म्हणून विकला जात असेल तर धागा जाळून पाहायची वेळ आली आहे.

भरतकाम सुंदर दिसतं, पण आतून त्याला कडक अस्तर असतं आणि ते उघड्या त्वचेला टोचतं. छोटं भरतकाम खिशावर किंवा पँटच्या पायाशी असावं. एकूणच चित्राची जागा हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पाठीवरचं मोठं चित्र खुर्चीत आणि गादीवर घासून आधी उडतं. मांडीच्या बाजूला, बाहीच्या काठाशी, खिशाच्या तोंडाशी ते जास्त टिकतं.

रंगांबद्दल एवढंच: ‘नैसर्गिक रंग’ म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका, कारण रंग पक्का करायला कोणतं क्षार वापरलं यावर बरंच अवलंबून असतं. तुरटी सौम्य आहे, क्रोमियम नाही. न रंगवलेला कापूस हा माझा सर्वांत आवडता पर्याय. कापसाच्या काही वाणांची बोंडंच तपकिरी किंवा फिकट हिरवी फुटतात, आणि पहिल्या काही धुण्यांत तो रंग गडद होतो. खवले मांजराला किंवा माळढोकाला त्याहून योग्य पार्श्वभूमी मला सुचत नाही.

पायरी ५: प्राणी नीट ओळखा

इथे सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो आणि मला तो सर्वांत जास्त खुपतो. ‘संकटातले प्राणी’ या नावाखाली कोणताही रानटी चेहरा छापला जातो. आधी त्या प्राण्याची स्थिती बघा. आययूसीएनची, म्हणजे निसर्ग संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघाची, लाल यादी १९६४ पासून आहे आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त या चढत्या धोक्याच्या तीन वर्गांतले प्राणी ‘धोक्यात’ समजले जातात. उपजातीची नोंद वेगळीही असू शकते.

ही यादी स्थिर नसते. हिमबिबट्या २०१७ मध्ये संकटग्रस्त वर्गातून असुरक्षित वर्गात आला, जायंट पांडा त्याच्या आदल्या वर्षी. आयबेरियन लिंक्स २००२ मध्ये अतिसंकटग्रस्त होता आणि २०२४ मध्ये असुरक्षित वर्गापर्यंत सावरला. सायगा हरणाची कहाणी आणखी थक्क करणारी आहे. २०१५ मध्ये कझाकस्तानात जिवाणूच्या साथीने काही आठवड्यांत दोन लाखांच्या आसपास सायगा मेले, तरीही संरक्षणामुळे संख्या वाढून २०२३ मध्ये ते अतिसंकटग्रस्त वर्गातून थेट ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आलं. हिरवं समुद्री कासव २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संकटग्रस्त वर्गातून बाहेर पडलं. याचा अर्थ त्यांची चित्रं घालू नयेत असा नाही. पण कपड्यासोबतच्या चिठ्ठीवर जुनाच वर्ग छापलेला असेल तर बनवणाऱ्याने प्राण्याकडे पाहिलेलंच नाही हे कळतं. उलट दिशेची उदाहरणंही आहेत. २०२१ मध्ये आफ्रिकी हत्तींच्या दोन जाती स्वतंत्र मोजल्या गेल्या, तेव्हा जंगली हत्ती अतिसंकटग्रस्त आणि सवाना हत्ती संकटग्रस्त ठरला.

मग चित्र बघा. चित्र साधं, रेषांचं, अगदी भौमितिक असलं तरी चालेल; पण जात ओळखू यायला हवी. काही खुणा:

झेब्रा. बहुतेक कपड्यांवर सामान्य झेब्राचे रुंद पट्टे असतात. संकटग्रस्त आहे तो ग्रेव्हीचा झेब्रा. त्याचे पट्टे अरुंद आणि दाट, पोट पांढरं, कान मोठे नि गोलसर.

ठिपक्यांची मांजरं. जग्वारच्या अंगावरच्या फुलासारख्या नक्षीच्या आत बारके ठिपके असतात, बिबट्याच्या फुलांत सहसा नसतात, चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. हिमबिबट्याची शेपूट जाड आणि जवळजवळ अंगाएवढी लांब, डोळे फिकट हिरवट-करडे. निळे डोळे आणि डरकाळी फोडणारा जबडा काढलेला दिसला तर समजा की कलाकाराने वाघाला करडा रंग दिलाय. हिमबिबट्या डरकाळी फोडू शकत नाही.

गेंडे. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार, पांढऱ्याचं तोंड रुंद आणि चौकोनी. दोघांनाही दोन शिंगं. काळा अतिसंकटग्रस्त आहे. जावाचा गेंडा एकशिंगी, आणि तो आता रानात फक्त जावा बेटावरच्या उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात उरलाय.

कासवं. हॉक्सबिल अजूनही अतिसंकटग्रस्त. त्याचं तोंड चोचीसारखं निमुळतं आणि पाठीवरचे पट्ट कौलांसारखे एकावर एक चढलेले. हिरव्या कासवाचा चेहरा गोल आणि पट्ट शेजारी-शेजारी जोडलेले.

आफ्रिकी रानकुत्रा. प्रत्येक पायाला चारच बोटं, कान मोठे गोल, शेपटीचं टोक पांढरं, आणि प्रत्येकाच्या अंगावरची नक्षी वेगळी. त्यामुळे कपडाभर एकच रानकुत्रा पुन्हापुन्हा छापण्यापेक्षा खऱ्या फोटोंवरून पाच-सहा वेगळे काढले असतील, तर त्या कलाकाराला माझा सलाम.

लोकप्रिय तोंडवळ्यांच्या पलीकडेही बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाघ, हत्ती, पांडा सगळीकडे आहेत. खवले मांजराच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून बंद आहे, तरी त्यांची तस्करी चालूच आहे, आणि ते खवले छपाईच्या नक्षीसाठी केवढे सुरेख आहेत! नाकाच्या टोकावर मडक्यासारखा फुगवटा असलेला नर घडियाल, उंच मानेचा माळढोक, मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखाताच्या वरच्या टोकात शेवटचे मोजके उरलेले वकीटा पोरपॉइज, म्हणजे डॉल्फिनच्या नात्यातले छोटे सागरी सस्तन प्राणी. हे तिन्ही अतिसंकटग्रस्त आहेत आणि त्यांना कपड्यांवर क्वचितच जागा मिळते.

पायरी ६: दानाचा दावा तपासा

२०१८ मध्ये लाकोस्त या फ्रेंच कपड्यांच्या कंपनीने आययूसीएनच्या साथीने आपल्या मगरीच्या चिन्हाच्या जागी दहा संकटातले प्राणी भरलेले पोलो शर्ट काढले आणि त्या वेळी रानात जितके प्राणी शिल्लक असल्याचा अंदाज होता तितकेच शर्ट बनवले. वकीटाचे ३०, सुमात्राच्या वाघाचे ३५०. दहाही मिळून १,७७५. यात मला आवडतं ते हे की आकडा तपासता येण्यासारखा होता.

‘नफ्यातला काही भाग वन्यजीवांना’ हे वाक्य तसं तपासता येत नाही. किती टक्के? नफ्याचे की विक्रीचे? नफा हिशोबात शून्यावर आणता येतो, विक्री आणता येत नाही. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ या उपक्रमात वार्षिक विक्रीच्या एक टक्क्याची अट आहे, ती याचसाठी. पैसे कोणत्या संस्थेला गेले, गेल्या वर्षी एकूण किती दिले, त्या संस्थेच्या स्वतःच्या अहवालात या कंपनीचं नाव आहे का, हे विचारा. पैसा आणि प्राणी यांचा मेळही बसायला हवा. हिमबिबट्याच्या टी-शर्टमागे ‘एक झाड लावू’ असं वचन दिसलं तर थांबा; तो प्राणी मुख्यतः झाडं संपतात त्याच्या वरच्या उघड्या डोंगरांत राहतो. त्याला खरी मदत कशी होते याचं एक चांगलं उदाहरण मंगोलियात आहे. १९८१ पासून काम करणाऱ्या स्नो लेपर्ड ट्रस्टच्या उपक्रमात पशुपालक कुटुंबं लोकरीच्या वस्तू बनवतात, त्यांना बाजार मिळतो, आणि हिमबिबट्याची व त्याच्या भक्ष्याची शिकार होऊ न देण्याचा करार पाळला तर जादा रक्कमही मिळते.

कंपनी कुणालाच काही देत नसेल आणि तसं सांगतही नसेल, तर तो दोष मानू नका. चांगलं कापड, योग्य मजुरी आणि अचूक चित्र हे पुरेसं आहे. दान तुम्ही थेट संस्थेला करू शकता.

पायरी ७: साधा कपडा घेऊन स्वतः छापा

प्रमाणित साधा टी-शर्ट मिळतो, हवा तो प्राणी मिळत नाही, ही नेहमीची अडचण. मग स्वतः छापणं सर्वांत उत्तम. कपडा आधी एकदा गरम पाण्यात धुवून वाळवा. त्यावरची खळ आणि मऊपणाचा थर निघून जातो, शाई नीट मुरते आणि आटायचं तेवढं आधीच आटतं. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका.

लिनोचा, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ पत्र्याचा, तुकडा घ्या आणि चित्र उलटं कोरा. फोटोवरून थेट कोरलं तर छाप आरशातला येतो. एरवी चालेल, पण एका कानाला खाच असलेला ओळखीतला विशिष्ट हत्ती काढत असाल तर खाच भलत्याच कानाला येईल. ठिपके, खवले, पट्टे यांसाठी जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक शीटचा स्टेन्सिल सोपा पडतो. कपड्याच्या आत पुठ्ठा घाला, नाहीतर रंग पाठीवर उतरेल. पाण्यावर आधारित कापडाची शाई स्पंजने, थोडी-थोडी, उभी टेकवत लावा. जाड थर एकदा देण्यापेक्षा पातळ दोन थर द्या. आधी जुन्या सुती कापडावर छाप काढून बघा.

छाप पूर्ण सुकला की वर पातळ सुती कापड ठेवून उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. किती वेळ, हे शाईच्या बाटलीवर दिलेलं असतं. ते काटेकोर पाळा. मग तीन-चार दिवस कपडा तसाच ठेवून पहिलं धुणं थंड पाण्यात करा. करडा रंग हवा असेल, म्हणजे हत्तीसाठी, हिमबिबट्यासाठी, तर हिरड्याच्या काढ्यात भिजवलेला कपडा अगदी थोड्या हिराकसाच्या पाण्यातून काढला की सुंदर राखाडी येतो. हिराकस जपून वापरा, लोह जास्त झालं तर काळाने सूत कमजोर होतं.

पायरी ८: धुणं, दुरुस्ती आणि शेवट

कपडा उलटा करून थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात धुवा. ३० अंशांच्या वर जायची गरज घरातल्या कपड्यांना क्वचितच पडते. ब्लीच नको. सॉफ्टनर सुती धाग्यावर पातळ थर चढवतो आणि कापड घाम टिपेनासं होतं. सावलीत वाळवा. जाड लूपनिट ओलं असताना खांद्यावर टांगलं तर लांब ओघळतं, म्हणून दोरीवर मधोमध घडी घाला. चित्रावर थेट इस्त्री नको.

छोटं भोक दिसल्याच दिवशी रफू करा, विणीचे फासे निसटत जातात. गुडघा विरला तर आतून ठिगळ लावा. जुन्या टी-शर्टवरचा वापरता येण्यासारखा प्राणी कापून तोच ठिगळ म्हणून बाहेरून लावला तरी छान दिसतो. इलॅस्टिक सैल झालं तर नेफ्याच्या फटीतून, जुन्याला नवीन पिनने जोडून ओढून घ्या.

कापड पार विरलं की त्याचे पुसणी करण्याजोगे तुकडे करा. खतात टाकायचं असेल तर आधी इलॅस्टिक, लेबल आणि छापलेला भाग काढा. शिवणीसुद्धा कापून वेगळ्या करा, कारण सेंद्रिय कपडासुद्धा बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असतो आणि तो मातीत कुजत नाही. उरलेल्या कापडाच्या बारीक पट्ट्या करून ओलसर खतात मिसळल्या की त्या लवकर कुजतात.